भावाने मागितलेला कागद

रोतुआ पाकपाहान माझी नणंद. सख्खी नव्हे, कुळातली; पण आम्हा बाताक लोकांत असा फरक करणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. माझा नवरा पाकपाहान, ती जन्माने पाकपाहान, म्हणून ती मला 'एदा' म्हणायची आणि मीही तिला 'एदा'. नणंद-भावजयीची एकमेकींना हाक एकच. भावाबहिणीचीही तशीच, 'इतो'. भाऊ बहिणीला इतो म्हणतो, बहीण भावाला इतो म्हणते, आणि एकदा ही हाक तोंडातून गेली की मग हिशेब, शंका, भांडण सगळं चूल विझवून ठेवावी तसं ठेवून द्यायचं असतं. मी आता हे रागाने लिहिते आहे, पण मीसुद्धा याच रीतीत वाढले.

जावामधल्या रावाकेंबांगच्या बाजारात तिचा गाळा होता. सुकी मासळी, लाल मिरच्या आणि ओली तिरफळं. ही तिरफळं उत्तरेकडून, आमच्या तोबा सरोवराकडून बसच्या टपावर तीन दिवस प्रवास करून यायची आणि निम्मी काळी पडलेली असायची. उरलेली घ्यायला आमच्यातल्या बायका लांबून लांबून यायच्या, कारण त्याशिवाय माशाच्या कालवणाला चव नाही. रोतुआ बुटकी, आवाजाने दांडगी. वजनकाटा तपासायला आलेल्या सरकारी माणसाला ती "बाळा, आधी चहा पी, मग चुका काढ" म्हणायची. मासळीचं पोतं विकत घेताना तळापर्यंत हात घालून पाहायची, वरवरचा माल बघून तिने कधी पैसे दिले नाहीत. बाजारात तिला फसवलंय असं सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

तिचा नवरा मांगीहुत सियागियान बस चालवायचा. त्याने बाजाराच्या मागे जमिनीचा एक तुकडा घेतला होता. घर बांधायचं होतं. पोटाच्या आजाराने तो गेला, पण जायच्या आधी आठवडाभर शुद्धीत होता, आणि त्याने चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावून सांगितलं, "आपण भाड्याच्या खोलीत राहिलो तरी चालतंय. देवाला किती दिवस भाड्याने ठेवायचं?" तेव्हा आमची मंडळी एका गॅरेजमध्ये जमायची. त्या जागेवर मग पत्र्याची शेड उभी राहिली, त्यात बाक आले, एक वेदी आली, आणि एक पेटी आली जिच्या दोन पट्ट्या शेवटपर्यंत वाजल्या नाहीत. मंडळीच्या नावावर जमीन चढवायला नोंदणी लागते, ती आमच्याकडे नव्हती. म्हणून कागद रोतुआच्या नावावर राहिला. तो ती घरी, बायबलच्या पिशवीत ठेवायची. कागद तिचा, जागा मंडळीची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला लिहून घ्यावंसं वाटलं नाही.

एकवीस वर्षं आम्ही तिथे उपासना केली. लग्नं लावली, मुलांचे बाप्तिस्मे केले, माझ्या दोन्ही मुली तिथेच पाळणागीतं सोडून स्तोत्रं म्हणायला शिकल्या. मग एका गुरुवारी तालुका कचेरीची माणसं आली आणि दारावर लाल अक्षरांची पाटी ठोकून गेली. परवानगी नाही, सील. रविवारी आम्ही रस्त्यावर चटया टाकल्या आणि छत्र्या धरून प्रार्थना केली. पुढच्या रविवारीही. मोटारसायकली आमच्या गुडघ्यांना घासून जायच्या.

परवानगीला काय लागतं, तर मंडळीतल्या नव्वद जणांची नावं, आसपासच्या साठ जणांच्या सह्या, ओळखपत्रांच्या नकला, आणि पडताळणीच्या वेळी दाखवायला जमिनीचा अस्सल कागद. आम्हाला वाटलं साठ सह्या कुठून येणार, सगळी वस्ती मुसलमान. पण रोतुआच्या शेजारच्या गाळ्यात टोफू विकणारी बु इमास उठली आणि म्हणाली, "नव्वद तुमचे, साठ माझे." आणि खरंच घरोघर फिरली. एका दारात कुणीतरी तिला सुनावलं की मरशील तेव्हा देव विचारेल. ती म्हणाली, "विचारू दे, मी सांगेन की एकवीस वर्षं या बाईने मला सुट्टे दिले." त्रेसष्ट सह्या झाल्या. आम्ही फाइल दिली. कचेरीत ती हरवली. पुन्हा दिली. दुसऱ्यांदा तिथल्या माणसाने फाइल हरवली असं म्हणायचीही तसदी घेतली नाही, नुसता पंखा मोठा केला.

आणि मग बोनार आला.

तालुका कचेरीत परवानग्यांच्या टेबलावर नवा साहेब बदलून आला, हे आम्हाला बु इमासकडून कळलं. सोमवारी आम्ही चौघं गेलो. पाळकसाहेब, मंडळीचे 'वडील', म्हणजे कारभारी, जालोसान, रोतुआ आणि मी. टेबलावरच्या पाटीवर नाव होतं, बोनार पाकपाहान. रोतुआने ते वाचलं आणि तिच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरल्यासारखं मला दिसलं.

"कुठले पाकपाहान तुम्ही?" तिने बसायच्या आधीच विचारलं.

साहेब हसला. पन्नाशीचा, केस नीट विंचरलेला माणूस. "पांगारिबुआनचे."

"कितवी पिढी?"

"सोळावी."

"अरे देवा, मीपण सोळावीच!" रोतुआने टेबलावर हात आपटला. "मग तू माझा इतो झालास की रे! आणि इथे खुर्चीवर बसून बहिणीला उभं ठेवतोस?"

तो उठला, तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. "बसा इतो. आईची शपथ, मला ठाऊक असतं तर मीच आलो असतो." मग रोतुआने माझी ओळख करून दिल्यावर म्हणाला, "आणि ही वहिनी. एका घरातलेच आहोत आपण सगळे." वडील जालोसान तर खुशीत दाढी कुरवाळत होते. परतताना पाळकसाहेब म्हणाले, देवाने दार उघडलं. आम्ही सगळे मान हलवत होतो.

आमच्यात माहेरच्या कुळाचा मान फार मोठा. बहिणीने भावापुढे वाकायचं, भावाने बहिणीला आशीर्वाद द्यायचा. त्या आशीर्वादावर तिची मुलंबाळं, धंदा, तब्येत सगळं उभं असतं असं आम्ही मानतो, बायबल वाचत असलो तरी मानतो. बोनारला हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. दोन रविवारांनी तो आमच्या रस्त्यावरच्या उपासनेला आला, बायकोला घेऊन. रोतुआने आदल्या दिवशीपासून माशाचं कालवण केलं होतं, तिरफळं घालून, कारण भावाला मासा बहिणीनेच वाढायचा. उपासना झाल्यावर बोनारने पिशवीतून उलोस काढला. लाल-काळ्या विणीचं ते लांब वस्त्र त्याने सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर पांघरलं आणि म्हणाला, "इतो, तुझा भाऊ असताना तुझ्या देवाच्या घराला कुणी हात लावणार नाही." लोक रडले. मीही रडले. बु इमास टोफूच्या गाळ्यातून बघत होती, तीसुद्धा डोळे पुसत होती.

त्यानंतरच्या मंगळवारी तो बाजारात आला. मी तिथेच होते, मिरच्या निवडत. सोबत पातळ निळी फाइल.

"इतो, वरून पडताळणी आली आहे," तो म्हणाला. "अस्सल कागद एकदा दाखवावा लागेल. दोन आठवड्यांत परत. आणि या तीन पानांवर सही."

रोतुआने हात पदराला पुसले. घर जवळच होतं, ती गेली आणि बायबलची पिशवीच घेऊन आली. कागद काढून दिला.

मी हळूच म्हटलं, "एदा, पोच घे गं. निदान एक नक्कल काढू."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या भावाच्या तोंडावर थुंकले होते. "तू तुझ्या भावाकडून पोच घेतेस?" ती म्हणाली. "परवा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवलाय. मी आता त्याच्याकडे पावती मागू?"

बोनार नुसता हसला, जसा आपण लहान मुलांच्या भांडणाला हसतो तसा. मला लाज वाटली. खरंच वाटली, माझीच. रोतुआने तिन्ही पानांवर सही केली. पहिलं पान मी वाचलं, पडताळणीचं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा त्याने बोटांनी नुसता कोपरा वर करून धरला होता, सहीपुरता. ज्या बाईने आयुष्यभर पोत्याच्या तळाला हात घातला, तिने ती पानं उलटली नाहीत. उलटली असती तर ते भावावर अविश्वास दाखवणं झालं असतं, आणि आमच्यात तसं करणाऱ्या बाईला पुढे काही झालं तर लोक म्हणतात, भावाचा शाप लागला.

दोन आठवडे झाले, चार झाले. फोनवर तो म्हणायचा, "इतो, साहेब दौऱ्यावर आहेत." मग फोन उचलणं बंद झालं. तरी रोतुआ म्हणायची, कामात असेल. तिसऱ्या महिन्यात आम्हाला कचेरीतून बोलावणं आलं. तालुक्याचे मुख्य साहेब, दोन पोलीस, एक कारकून आणि बोनार. कारकुनाने वाचून दाखवलं की जमीनमालक श्रीमती रोतुआ यांनी स्वखुशीने लिहून दिलं आहे की त्यांच्या जागेवर प्रार्थनास्थळ होण्यास त्यांची संमती नाही, आणि ही जागा त्या सार्वजनिक कामासाठी शासनाला देत असून बदल्यात कालव्यापलीकडचा भूखंड स्वीकारत आहेत. खाली सही होती. तिचीच. ठसठशीत, शेवटच्या अक्षराला मोठी शेपूट असलेली.

"हे मी लिहून दिलेलं नाही," रोतुआ म्हणाली.

"सही आपलीच आहे ना?" मुख्य साहेब.

ती बोनारकडे वळली. "इतो, सांग यांना. तू काय म्हणालास मला? सांग ना."

बोनारने फाइल बंद केली. "इबू, कार्यालयात नातीगोती नसतात," तो म्हणाला. "आपण वाचूनच सही केली असणार." इबू. रस्त्यावरच्या कुठल्याही अनोळखी बाईला म्हणतात तसं. रोतुआ उभी राहिली होती ती तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "चल," आणि मी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

शेड एका बुधवारी सकाळी पाडली. यंत्राला दीड तास लागला. आम्ही स्तोत्रं म्हणत उभे होतो, पोलिसांनी आम्हाला काही केलं नाही, एक पोरगेला शिपाई तर रडत होता. आता तिथे बाजाराचं पार्किंग आहे. बोनारला बढती मिळाली, जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. याचा त्याच्याशी काही संबंध नाही असं मला कुणी सांगितलं तर मी हसेन.

पण याहून वाईट पुढे झालं, आणि ते आमच्याच माणसांनी केलं. वडील जालोसान बाजाराच्या हॉटेलात बसून म्हणाले म्हणे, "दुसरा भूखंड मिळालाय तिला. फुकट कोण सही करतं?" हेच जालोसान त्या दिवशी कचेरीत दाढी कुरवाळत होते. मग बायकांच्या सभेत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तिरफळं घ्यायला लोक दुसरीकडे जायला लागले. रोतुआने तो कालव्यापलीकडचा चिखल कधी पाहिलासुद्धा नाही, त्याचं पत्र आलं ते तिने फाडून मासळीखाली घातलं. पण कुणाला सांगणार? पाळकसाहेब चांगले माणूस, त्यांनी दोन वेळा प्रवचनात क्षमेबद्दल सांगितलं. कुणाची क्षमा कुणी करायची, ते त्यांनी सांगितलं नाही.

दीड वर्षाने बोनारची आई वारली. शहाण्णव वर्षांची, नातवंडं-पतवंडं पाहून गेलेली, म्हणजे आमच्या रीतीने मोठ्या मानाचं मरण. सगळ्या पाकपाहान कुळाला निरोप आला. कुळाच्या लेकींनी जायचं असतं. राबायचं असतं, आणि मृताजवळ बसून आंदुंग म्हणायचं असतं. आंदुंग म्हणजे आमचा विलाप, सुरात, जुन्या शब्दांत. हल्ली पाळकांना तो फारसा आवडत नाही, पण म्हातारीच्या उशाशी बसलेल्या बाईला कोण अडवणार? आंदुंग चालू असताना मध्ये बोलायचं नाही हा नियम राजालाही लागू आहे.

मला वाटलं रोतुआ जाणार नाही. ती सकाळी सात वाजता माझ्या दारात, काळे कपडे घालून.

"तू त्याच्या घरी जाणार?" मी विचारलं.

"मी माझ्या आईकडे चाललेय. सोळाव्या पिढीच्या भावाची आई ती माझी आई," ती म्हणाली. बसमध्ये तिने मला खरं सांगितलं. "तिथे कुळातले सगळे थोर असतील, एदा. कचेरीत मला कोण विचारतंय? पण कुळाच्या लेकीवर भावाने अन्याय केला हे थोरांनी कानांनी ऐकलं, तर त्यांना बसावंच लागतं. त्याला उभं करून विचारावंच लागतं. आपली तीच एक कचेरी उरलीय."

मोठा हॉल होता. बासरी आणि ढोल वाजत होते, म्हशी कापल्या होत्या, चारपाचशे माणूस. रोतुआ सरळ शवपेटीजवळ जाऊन बसली, म्हातारीच्या गालावर हात ठेवला आणि सूर लावला. मंडळीच्या गाण्यात ती कायम अर्धा ठोका मागे असायची. इथे तिचा आवाज सगळ्या हॉलवर पसरला.

"आई गं, निजलीस, बरं केलंस. तुला काही दिसायला नको. तुझ्या लेकाने माझ्या खांद्यावर उलोस घातला, आई, मी त्याला मासा वाढला. त्याने माझ्याकडे हात पसरला, आई, मी माझ्या धन्याची जमीन त्यात ठेवली. देवाचं घर होतं ते, आई. एकवीस वर्षं आम्ही तिथे रडलो आणि हसलो. तुझ्या लेकाने ते यंत्राच्या तोंडात दिलं, आणि माझी माणसं म्हणतात मीच विकलं. आई, तू त्याला दूध पाजलंस, तू त्याला विचार ना. मी विचारलं तर मला ओळखत नाही म्हणतो. आई, उठ ना गं, एकदा विचार त्याला, मग नीज."

वाद्यं थांबली होती. बोनार तिच्या समोरच, सहा हातांवर बसला होता, मान खाली. त्याची बायको रुमालात तोंड खुपसून. थोर मंडळी पहिल्या रांगेत, खांद्यांवर उलोस, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. जवळपास अर्धा तास ती गात होती. नावानिशी, तारखेनिशी. कुणी मध्ये बोललं नाही.

संपल्यावर कुळातले सगळ्यांत थोर आजोबा काठी टेकत उठले. मी पुढे सरकून बसले. त्यांनी रोतुआच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, असं आंदुंग मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आमची भाषा जिवंत ठेवलीस." लोकांनी मान डोलावली. मागे चारपाच जणांनी मोबाइलवर घेतलं होतं, ते एकमेकांना पाठवत होते. बोनार पुढे आला, डोळे पुसत, आणि सगळ्यांदेखत तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "आईला फार बरं वाटलं असेल, इतो." मग मांसाचे वाटे करायला सुरुवात झाली, कारण दुपार होत आली होती आणि लांबून आलेल्यांना परतायचं होतं. कोणतं चर्च, कुठली जमीन, एकानेही विचारलं नाही.

कुळाच्या लेकीचा मानाचा वाटा रोतुआला मिळाला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. मला माझा मिळाला. बसथांब्यापर्यंत ती माझ्या पुढे चालत राहिली. तिथे बाकावर बसली आणि रडली. आत गात होती तेव्हा शब्द होते, सूर होता. इथे काही नव्हतं, नुसता घशातून येणारा आवाज. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

"त्यांना नीट ऐकू गेलं ना, एदा?" तिने विचारलं.

"सगळ्यांना गेलं."

"हं," ती म्हणाली.

बस आली तेव्हा ती उठली, पिशवी बाकाखालीच होती. कुळाने दिलेला वाटा टाकून देणं म्हणजे कुळ टाकून देणं, आमच्यात असं कुणी रागातही करत नाही. मी वाकून उचलायला गेले, तर तिने माझा हात धरला. "राहू दे. कुत्री खातील." आणि मागे न बघता बसमध्ये चढली.

माझ्या हातातही पिशवी होती. मी ती टाकली नाही, खोटं कशाला सांगू. घरी नेऊन संध्याकाळी शिजवली. नवऱ्याने दोनदा मागून घेतलं, आणि म्हणाला छान झालंय.